धूर गेला, भूक आली

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



सिगारेट सोडलेला माणूस बोलायला लागला की ऐकणाऱ्याला धास्ती वाटते. हा आता उपदेश करणार, फुप्फुसांची काळी चित्रं डोळ्यांपुढे उभी करणार, असं वाटतं. मी तसं काही करणार नाही. सिगारेट वाईट असते हे ओढणाऱ्याला पुरतं ठाऊक असतं. मला बोलायचं आहे ते त्याच्या पुढच्या गोष्टीबद्दल. सिगारेट सुटली की पोट सुटतं, त्याबद्दल. ही गोष्ट आपण हसण्यावारी नेतो. पण याच धास्तीपायी कितीतरी माणसं सिगारेट सोडत नाहीत, आणि सोडलेली पुन्हा धरतात. मी स्वतः त्या काठापर्यंत जाऊन आलो आहे.

मी सोलापूरचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका टेलरमास्तरांचं दुकान आहे. ईदचे कपडे मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच शिवतो. त्यांच्याकडे एक लांबट वही असते. त्यात गिऱ्हाइकाच्या नावापुढे दरवर्षीची मापं लिहिलेली असतात. माझ्या नावापुढे कंबर ३२, ३२, ३२ अशी रांगच होती. मास्तर म्हणायचे, "कवीसाहेब, तुमच्यासाठी टेप काढायची गरजच पडत नाही." मला त्याचा मोठा अभिमान होता. बरोबरीच्या मित्रांची पोटं टेबलाला टेकू लागली, तरी मी आपला वेतासारखा. ही आपल्या घराण्याची देणगी आहे, असं मी मानत होतो.

पहिली सिगारेट मी १९८७ साली ओढली. कॉलेजात होतो, कविता लिहू लागलो होतो आणि कवीच्या बोटांत काहीतरी जळत असलं पाहिजे, अशी समजूत होती. बी. ए. झालो, एका बँकेत कारकून म्हणून चिकटलो, लग्न झालं, मुलं झाली. बोटांतली सिगारेट मात्र सुटली नाही. दिवसाला पंधरा. एक ओळ सुचली की एक सिगारेट आणि नाही सुचली तर दोन.

२०१९ चा रमजान ऐन मे महिन्यात आला. सोलापूरचा मे, आणि साडेचौदा तासांचा रोजा. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, धूर नाही. हे मी दरवर्षी पार पाडत असे, आणि संध्याकाळी खजूर तोंडात टाकून दोन घोट पाणी प्यालो की पहिला हात खिशाकडे जात असे. त्या वर्षी पहिल्याच आठवड्यात रात्रीच्या तरावीहच्या नमाजात माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगा उभा होता. सजद्यातून उठताना त्यानं हळूच तोंड दुसरीकडे फिरवलं. पुढच्या वेळी पुन्हा. नमाज संपल्यावर तो पुढच्या ओळीत जागा शोधून निघून गेला. तो काही बोलला नाही. बोलला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. घरी आलो आणि पाकीट नळाखाली धरलं. आपण चौदा तास राहू शकतो तर उरलेले दहा तास का नाही, एवढाच साधा हिशेब केला. तेव्हापासून आजवर ओढलेली नाही.

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. चिडचिड, झोप नाही, ओळ सुचेना. मग हळूहळू एक नवल घडू लागलं. वास यायला लागले. स्वयंपाकघरात तव्यावर भाकरी पडली की तिचा वास माझ्या लिहायच्या खोलीपर्यंत येऊ लागला. कोथिंबीर चिरल्याचा, लसूण ठेचल्याचा, ओल्या मातीचा. गेली तीस वर्षं मी कवितांमधून मातीच्या गंधावर लिहीत होतो, ते सगळं लहानपणच्या आठवणीवर चाललं होतं, हे तेव्हा लक्षात आलं आणि जरा लाजच वाटली.

वास आला, चव आली आणि पाठोपाठ भूक आली. अशी भूक की मीच चकित झालो. ईदला शीरखुर्म्याच्या चार वाट्या झाल्या. जेवून उठलं की तासाभरात पुन्हा काहीतरी हवं. लिहायला बसलो की हात जुन्या सवयीनं टेबलावर काहीतरी चाचपायचा. पाकिटाच्या जागी फरसाणाची वाटी आली. त्या दिवसांतल्या माझ्या वहीची पानं आजही तेलकट आहेत. कविता कमी आणि डाग जास्त! मेमध्ये चौसष्ट किलो असलेला मी दिवाळीला बहात्तर झालो. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली, आणि घरात बसून शहात्तर. आगीतून उठून फुफाट्यात, असंच वाटायला लागलं. २०२० च्या ईदला कुणीच कपडे शिवले नाहीत, त्यामुळे मास्तरांच्या वहीत त्या वर्षाची जागा कोरी आहे. पुढचा आकडा २०२१ चा, ३६!

हे असं का होतं, ते मला पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितलं, काही मी स्वतः वाचलं. निकोटिन दोन कामं करतं. एक म्हणजे ते भूक मारतं. दुसरं म्हणजे शरीराची भट्टी उगाचच जास्त पेटती ठेवतं. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिवसाला चोवीस सिगारेटी ओढणाऱ्यांची, ओढण्याच्या दिवशी आणि न ओढण्याच्या दिवशी, किती ऊर्जा खर्च होते ते मोजलं गेलं. ओढण्याच्या दिवशी ती सुमारे दहा टक्के जास्त निघाली. दोन हजार उष्मांक खर्च करणाऱ्या माणसाचे त्या हिशेबानं दोनशे. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर मध्यम आकाराची एक ज्वारीची भाकरी. सिगारेट सुटली की ही भाकरी रोज शिल्लक राहू लागते, आणि वरून भूक वाढते. वजन वाढेल नाही तर काय होईल?

पण यात घाबरण्याचं किती आणि न घाबरण्याचं किती, तेही आकड्यांतच पाहू. २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक पाहण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष आला. सिगारेट सोडून वर्षभर टिकलेल्या माणसांचं वजन सरासरी साडेचार ते पाच किलोंनी वाढलं होतं. त्यातली बरीचशी वाढ पहिल्या तीन महिन्यांतली. पण सरासरी म्हणजे सगळ्यांचं नशीब नव्हे. साधारण सहातल्या एकाचं वजन उलट कमी झालं होतं आणि आठातल्या एकाचं दहा किलोंपेक्षा जास्त वाढलं होतं. मी त्या आठातला एक निघालो.

आता काठावरची गोष्ट सांगतो. २०२१ चा जानेवारी. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी केली. आकडा आला ६.३. साडेसहापासून पुढे मधुमेह म्हणतात. म्हणजे मी उंबऱ्यावर उभा. कागद खिशात घालून परतताना टपरीवर जुना मित्र भेटला. कागद बघून म्हणाला, "अरे, एवढं काय त्यात? दिवसाला दोन-दोन ओढत जा. महिन्याभरात पोट आत जाईल." आणि त्यानं एक सिगारेट माझ्या हातात ठेवली.

मी ती परत केली नाही. बोटांत धरून उभा राहिलो. वाद घालायला माझ्याजवळ काही नव्हतं, कारण त्याचं म्हणणं मला पटत होतं. ओढत होतो तेव्हा बत्तीस, सोडली तेव्हा छत्तीस. याहून मोठा पुरावा कुठला? काडी पेटवायची तेवढी बाकी होती. आणि का कोण जाणे, मला माझे वडील आठवले.

वडील यंत्रमागावर होते. सोलापुरी चादरी विणायचे. अम्मा घरी विड्या वळायची. तेंदूची पानं भिजवायची, कातरायची, सुपात तंबाखू घेऊन संध्याकाळपर्यंत वळत राहायची. हजार विड्यांमागे मजुरी मिळायची. खोटं कशाला बोलू, माझ्या बी. ए.च्या फीमध्ये त्या विड्यांचा पैसा आहे. वडील पाळीवर जाताना बांधून नेत ते दोन भाकऱ्या आणि शेंगाचटणी. त्यातली एक भाकरी पुष्कळदा परत यायची आणि आम्हा भावंडांच्या वाट्याला जायची. अम्मा विचारायची, "जेवला नाहीत?" ते म्हणायचे, "भूकच नव्हती." भूक होती. विडी ओढून ती मारलेली होती. सगळ्या कामगारांना हे ठाऊक असायचं की विडी ओढली की दोन तास पोट आवाज करत नाही. वडील मरेपर्यंत सडपातळ होते. १९९६ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, खोकता खोकता गेले. त्यांच्या कंबरेचं माप बहुधा अठ्ठावीससुद्धा नसेल.

ज्या देणगीचा मला अभिमान होता ती ही होती. मी सिगारेट मित्राच्या हातात परत दिली. त्याला काही सांगितलं नाही. आवाज लागला नसता.

गंमत अशी की आमच्या गिरणगावातल्या कामगाराला जे ठाऊक होतं, तेच अमेरिकेतल्या सिगारेट कंपनीलाही ठाऊक होतं. १९२८ च्या सुमारास तिथं एका प्रसिद्ध सिगारेटची जाहिरात निघाली होती. गोड खाण्याची इच्छा झाली तर त्याऐवजी आमची सिगारेट घ्या, असा तिचा अर्थ. बायकांना बारीक राहण्याचं आमिष दाखवून सिगारेट विकली गेली. मिठाईवाले संतापले आणि जाहिरातींचं मोठं युद्धच झालं. म्हणजे इथं भूक मारली पोटाला कमी होतं म्हणून, आणि तिथं कंबर बारीक दिसावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो आणि मित्राचा सल्ला सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "सिगारेटनं साखर आटोक्यात येत नाही. ओढणाऱ्यांत मधुमेह जास्तच आढळतो. सोडल्यावर वजन वाढलं तर काही वर्षं साखरेचा धोका वाढतो, हे खरं. पण वजन वाढूनही, सोडणाऱ्याचा जीव ओढणाऱ्यापेक्षा सुरक्षित असतो." २०१८ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच आहे. वर्षभर सिगारेट सुटली की हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टर पुढे म्हणाले, "तुम्ही सिगारेट सोडलीत, पण खायचं कसं ते शिकला नाहीत. आता शिका."

ते मला मनापासून पटलं. बत्तीस वर्षं माझ्या जेवणाच्या वेळा सिगारेटनं ठरवल्या होत्या. नाश्त्याऐवजी चहा आणि सिगारेट, दुपारी घाईचं जेवण, कारण त्यानंतरची सिगारेट वाट बघायची. पोट भरलं की नाही, याची चौकशी मी कधी केलीच नव्हती.

मग आम्ही घरात हिशेब मांडला. आम्ही म्हणजे मी आणि आमची मंडळी. घरात आम्ही दखनी बोलतो, पण तिचं म्हणणं मराठीत सांगायचं तर ते असं: "अहो, तुम्ही ओळीतली एक मात्रा जास्त झाली तर रात्रभर जागता. मग ताटातली मात्रा मोजायला काय हरकत आहे?"

पहिल्यांदा मोजला तो चहा. सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. बारा चमचे म्हणजे सुमारे साठ ग्रॅम, दोनशे चाळीस उष्मांक. पुन्हा एक भाकरी आणि वर चतकोर! शिवाय एक गोष्ट मला नव्यानंच कळली. सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरातून चहा-कॉफीतलं कॅफिन लवकर निघून जातं. सिगारेट सुटली की तेच कॅफिन जास्त वेळ रेंगाळतं. त्यामुळे पूर्वीइतकाच चहा घेतला तरी छाती धडधडते, झोप उडते, आणि आपण समजतो की हे सिगारेट सोडल्याचं दुखणं. मी चहा दोन कपांवर आणला, साखर अर्ध्या चमच्यावर. महिन्याभरात जीभ सरावली.

दुसरं फरसाण. शंभर ग्रॅम फरसाणात पाचशेच्या आसपास उष्मांक असतात. तेवढ्यात दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या होतात. वाटीभर फरसाण हा खाऊ नव्हे, ते एक जेवणच आहे. पण हाताला काहीतरी हवं होतं, ही अडचण खरी होती. म्हणून टेबलावर स्टीलचा डबा आला. त्यात काकडी, गाजर, मुळ्याच्या फोडी. एका कप्प्यात फुटाणे, एकात बडीशेप आणि लवंग. शेंगदाणे हवेतच तर सालासकट शेंगा, मूठभर मोजून. एक एक शेंग फोडून खायला वेळ लागतो, तेवढ्यात ओळ सुचते किंवा तलफ जाते. तलफ ही पाच-सात मिनिटांची पाहुणी असते. तिला पाणी विचारावं, थोडं चालावं, ती निघून जाते.

तिसरं तेल. चार माणसांच्या घरात आम्हाला महिन्याला पाच लिटर तेल लागायचं. ते तीनवर आणलं. म्हणजे माणशी दिवसाला पाच छोटे चमचे. मटण रविवारी होतंच, पण वरचा कट काढून ठेवायचा आणि रस्सा चाखण्यापुरता. रमजानात इफ्तारला भजी आठवड्यातून एकदा. एरवी खजूर, फळं, भिजवलेले हरभरे आणि ताक. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, पावात डाळ किंवा उसळ, पावात भाकरी. आपली ज्वारीची भाकरी, मेथी, घेवड्याची उसळ, ताक, यापेक्षा चांगला आहार सांगायला कुठल्या परदेशी पुस्तकाची गरज नाही. अट एकच. सावकाश चावून खायचं आणि दुसरी भाकरी घेण्याआधी पाच मिनिटं थांबायचं.

चौथं चालणं. जेवणानंतरची सिगारेट सगळ्यात हट्टी असते. ती सुटल्यावर तिची जागा रिकामी राहिली की तिथं गोड पदार्थ येऊन बसतो. मी त्या वेळी चपला घालून बाहेर पडू लागलो. जेवणानंतर पंधरा मिनिटं, आणि सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं भुईकोट किल्ल्यावरून अर्धा तास. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालावं असं सांगतात, ती अशी सहज भरतात. माझ्या गेल्या चार वर्षांतल्या बहुतेक कविता त्या रस्त्यावर सुचलेल्या आहेत. सिगारेटशिवाय ओळ येत नाही, ही समजूतही त्या रस्त्यावरच सुटली.

अजून दोन-तीन गोष्टी सांगून संपवतो. पहिली, सिगारेट सोडतानाच कडक उपास आणि डाएट सुरू करू नका, असं मला डॉक्टरांनी सांगितलं. भुकेलेल्या माणसाला तलफ लवकर गाठते. आधी सिगारेट सोडावी, फरसाण आणि साखर तेवढी दूर ठेवावी, आणि जम बसला की मग वजनाकडे वळावं. दुसरी, वजन वाढू नये म्हणून तंबाखू-चुना किंवा मिश्रीकडे वळू नका. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तोंडाच्या कॅन्सरला कायद्याची भीती वाटत नाही. निकोटिनचं च्युइंग गम डॉक्टरांना विचारून घेता येतं. त्यानं तलफ कमी होते आणि वजनवाढही काहीशी लांबते. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत मदतवाहिनीही आहे. तिसरी, रोज काट्यावर उभं राहू नका. आठवड्यातून एकदा वजन आणि महिन्यातून एकदा पोटाचा घेर, एवढं पुरे. आपल्याकडच्या पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांचा ८० च्या आत असावा असं तज्ज्ञ म्हणतात.

आज माझं वजन एकोणसत्तर आहे. चौसष्ट नाही. साखरेचा आकडा ५.८ वर आला आहे. गेल्या ईदला टेलरमास्तरांनी टेप लावली, वहीत ३४ लिहिलं आणि मागची पानं उलटून म्हणाले, "कवीसाहेब, अजून दोन इंच उतरवलेत की जुन्या मापावर याल." मी म्हटलं, "मास्तर, ते दोन इंच राहू द्या. ते माझ्या वडिलांच्या परत आलेल्या भाकरीचे आहेत."

मास्तरांना ते कळलं की नाही ठाऊक नाही. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

श्रोतेहो, तुमच्या घरात कुणी सिगारेट किंवा विडी सोडत असेल, आणि त्याची कंबर वाढत असेल, तर त्याला हसू नका. त्याच्यासमोर काकडीच्या फोडी ठेवा, संध्याकाळी त्याच्याबरोबर चार पावलं चाला. भूक लागणं हे बरं होण्याचं लक्षण आहे. तिला काय वाढायचं तेवढं आपण शिकून घेऊ.